बारीक मनगट आणि पाणबुड्याचे घड्याळ

बांगड्या विकणारा कासार आणि घड्याळे विकणारा दुकानदार या दोघांचाही धंदा मनगटावर चालतो. पण दोघांच्या रीतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कासारापुढे हात केला की तो आधी हात पाहतो. पंजा जवळ घेतो, अंगठ्याखालचा सांधा किंचित दाबून बघतो आणि तोंडातल्या तोंडात 'दोन-चार' किंवा 'दोन-सहा' असे पुटपुटत खोक्यात हात घालतो. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे सोळा भाग करून त्यांतले चार, म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच. गिऱ्हाईक गोरे की सावळे, श्रीमंत की गरीब, हे सगळे त्याच्या लेखी नंतर. आधी माप.

घड्याळवाला हाताकडे ढुंकूनही पाहत नाही. तो विचारतो, "जेंट्स की लेडीज?" झाले! या एका प्रश्नाने मनुष्यजातीच्या मनगटांचे दोन ढीग पडतात. एका ढिगाला थाळीएवढी घड्याळे आणि दुसऱ्याला खडे जडवलेली, बोराएवढी. मधल्यांनी काय करावे, हे काही कोणी सांगत नाही.

या मधल्या मंडळींत माझी पुतणी मोडते. ती साकीनाक्याला, चांदिवलीच्या बाजूला राहते आणि सागरी जीवशास्त्र शिकते. तिच्या मनगटाचा घेर १४ सेंटिमीटर. (आमच्या घराण्यात मनगटे अशीच, 'मनगटाच्या जोरावर' हा वाक्प्रचार वर्गात शिकवताना मी बाह्या खाली ओढून घेतो.) तिच्या विषयाचा निम्मा अभ्यास आता पाण्याखाली होतो. समुद्राच्या तळावर फीत अंथरायची आणि ठरलेल्या मिनिटांत तिच्या दोन्ही अंगांना किती मासे, किती प्रवाळ दिसले ते पाटीवर टिपायचे, असे त्या कामाचे स्वरूप. त्यासाठी आधी पाण्यात उतरायला शिकावे लागते. म्हणून गेल्या हिवाळ्यात ती मालवणजवळ तारकर्लीला गेली. तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने पाण्याखाली श्वास घेण्याचे, म्हणजे स्कूबाचे, शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी संस्था काढली आहे. आधी तलावात, मग समुद्रात, असा तिथला क्रम. सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी पर्यटकांना हात धरून दहा-पंधरा मिनिटे मासे दाखवून आणतात तो प्रकार वेगळा. तिथे घड्याळाचे काही काम नसते, फोटो निघाला म्हणजे पुरे.

जाताना तिने भावाचे घड्याळ नेले. ४४ मिलिमीटर व्यासाचे, पोलादी, जाड, चांगल्या कंपनीचे. परत आल्यावर ती एवढेच म्हणाली, "काका, खाली गेल्यावर घड्याळाचा आरसा झाला."

मला वाटले, मुलगी अलंकारिक बोलायला लागली. पण तिने सांगितले ते असे. समुद्रातून वर येताना साधारण ५ मीटर खोलीवर ३ मिनिटे थांबायचे असते. श्वासाबरोबर शरीरात मुरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून हा मुक्काम. तिथे तिने मनगटाकडे पाहिले, तर घड्याळ घसरून करंगळीच्या अंगाला कलले होते. डोळ्यांसमोर तबकडी नव्हतीच. चकचकीत चांदीचा पत्रा होता. दुसऱ्या हाताने घड्याळ सरळ करावे, तर त्या हाताने दोर धरलेला. शिक्षक शेजारीच होते, त्यांच्या हातावर खोली व वेळ दाखवणारा डायव्ह कॉम्प्युटर होता, त्यामुळे काहीच बिघडले नाही. पण ती जे म्हणाली ते माझ्या मनात राहिले: "ते सोबत नसते तर मी मनात आकडे मोजले असते, आणि भीती वाटली की माणूस आकडे भरभर मोजतो."

आरशाचे कोडे आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी स्टाफरूममध्ये वहीच्या पाठीवर आकृती काढून उलगडले. घड्याळाच्या काचेखाली हवा असते आणि काचेबाहेर पाणी. हवेतून पाण्यात शिरणारा प्रकाश वाकतो, त्यामुळे तबकडीवरून निघालेला किरण पाण्यात ठरावीक कोनापलीकडे जाऊच शकत नाही. काचेवर उभ्या सरळ रेषेपासून सुमारे ४९ अंशांच्या आत डोळा असेल तर तबकडी दिसते. त्याबाहेर गेला की काच बाहेरचा प्रकाश जसाच्या तसा परत फेकते. जमिनीवर घड्याळ कितीही तिरके झाले तरी कसेबसे वाचता येते, पाण्यात येत नाही. तेव्हा पाण्यात घड्याळ मनगटाच्या पाठीवर नीट बसून राहणे हा केवळ शोभेचा प्रश्न उरत नाही. बसले तर ते घड्याळ, कलले तर आरसा!

त्याच सहकाऱ्यांनी आणखी एक गंमत सांगितली आणि माझा निम्मा भार हलका झाला. तोंडावरच्या सपाट काचेतून पाहताना पाण्यातली वस्तू सुमारे एक-तृतीयांशाने मोठी आणि जवळ दिसते. म्हणजे ३७ मिलिमीटरचे घड्याळ पाण्याखाली जवळजवळ ४९ चे भासते. लहान घड्याळ पाण्यात वाचता येणार नाही ही जी सर्वसाधारण समजूत आहे, तिची दुरुस्ती समुद्र स्वतःच करून टाकतो.

आता बसणे म्हणजे काय, ते पाहू. घड्याळाच्या जाहिरातीत व्यासाचा आकडा ठळक असतो. तो फसवा असतो असे मी म्हणणार नाही. पण तो अर्धाच आहे. घड्याळाच्या वर आणि खाली पट्टा अडकवण्यासाठी जे चार कान निघालेले असतात (घड्याळवाले त्यांना लग म्हणतात), त्यांच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी हे खरे माप. मनगटाची वरची बाजू जेवढी सपाट असते तेवढ्यातच ही लांबी मावली पाहिजे. ती बाहेर गेली की कान दोन्हीकडे अधांतरी लोंबतात, पट्टा मनगटाला न टेकता सरळ खाली पडतो, आणि मधल्या पोकळीमुळे घड्याळाला फिरायला वाव मिळतो. कान लांब आणि सरळ असले तर ४० चे घड्याळही लहान मनगटावर बसत नाही. आखूड आणि खाली वळलेले असले तर त्याहून मोठेही बसते. जपानी सेको कंपनीचे एसकेएक्स ००७ हे घड्याळ याचे प्रसिद्ध उदाहरण. व्यास ४२ च्या वर, पण कानापासून कानापर्यंत ४६ च्या आसपास. त्यामुळे मध्यम मनगटाच्या माणसांनीही ते वर्षानुवर्षे सुखाने वापरले. त्याचेच ३८ मिलिमीटरचे धाकटे भावंड एसकेएक्स ०१३ हे तर बारीक मनगटवाल्यांचे दैवतच होते. दोन्ही आता निघत नाहीत.

हे माप घरी घेणे अगदी सोपे आहे. सुतळीने मनगटाचा घेर घ्या. मग टेबलावर तळहात उपडा ठेवून, जिथे घड्याळ बांधता तिथे शाळेतली पट्टी आडवी धरा आणि सपाट भाग कुठून कुठवर आहे ते पाहा. पुतणीचा सपाट भाग ४६ मिलिमीटर भरला. भावाच्या घड्याळाचे कान ५१ वर होते. म्हणजे दोन्ही अंगांना अडीच-अडीच मिलिमीटर छप्पर बाहेर! वर जाडी १४ मिलिमीटर. घड्याळ जितके उंच, तितका त्याचा तोल वर, आणि तितके ते कलायला सोपे. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर ४४ चे घड्याळ ३७ च्या १.४ पट भरते. आकड्यांत सातच मिलिमीटरांचा फरक दिसतो, पण मनगटाला कळायचे ते कळते.

सुतळी आणि पट्टीचे हे हिशेब कागदावर मांडून आम्ही दोघे साकीनाक्याला मेट्रोच्या पुलाखाली दुकाने धुंडायला निघालो. ही मेट्रो २०१४ साली सुरू झाल्यापासून घाटकोपर आणि अंधेरी ही दोन्ही बाजारपेठा दोन्ही हातांशी आल्या आहेत. त्यामुळे एका संध्याकाळी तीन ठिकाणची दुकाने पालथी घालणे जमले. सगळीकडे संवाद एकच.

"जेंट्स की लेडीज, सर?"

"पाण्यात उतरायचे घड्याळ हवे. हिच्यासाठी."

"मग हे बघा मॅडम, वॉटर रेझिस्टंट आहे. रोझ गोल्ड. पार्टीलाही चालेल."

पाठीवर लिहिलेले: ३० मीटर. पुतणी शांतपणे म्हणाली, "दादा, मला १८ मीटरपर्यंत जायचे आहे."

"मग तर झालेच मॅडम, तीस आहे!"

त्या मुलाचा दोष नाही. आकडा वाचून कोणीही तसेच म्हणेल. ३० मीटर हा आकडा पोहण्याचा परवाना आहे असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ हात धुताना उडालेले शिंतोडे आणि छत्रीबाहेर राहिलेला हात, एवढाच. खुद्द कंपन्यांच्या माहितीपत्रकांतही बारीक अक्षरात तेच असते. ५० मीटरवाल्याने जपून पोहावे, १०० मीटरवाल्याने निर्धास्त पोहावे. नळकांडे पाठीला बांधून खाली जाणाऱ्याने मात्र तबकडीवर 'डायव्हर्स' हा शब्द आणि त्यापुढे मीटरचा आकडा आहे की नाही हे पाहावे. नुसते 'वॉटर रेझिस्टंट २००' आणि 'डायव्हर्स २००' यांत बराच फरक आहे.

इथे एक भाकडकथा खोडून काढायला हवी. दुकानांतून असे सांगतात की पाण्यात हात मारला की दाब कैक पटींनी वाढतो आणि म्हणून तीस मीटरचे घड्याळ दोन मीटरवर फुटते. आमच्या भौतिकशास्त्रवाल्यांनी हिशेब करून दाखवला: सेकंदाला ५ मीटर वेगाने हात मारला, तरी वाढणारा दाब सव्वा मीटर खोलीच्या दाबाएवढाच. खरी कारणे साधी आहेत. साध्या घड्याळांची परीक्षा नमुन्यादाखल होते, ती नवी असताना होते, आणि घड्याळ म्हातारे होत जाते तशी त्याची रबरेही म्हातारी होतात.

पाणबुड्यांच्या घड्याळाला आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. त्याचे नाव आयएसओ ६४२५. ते वाचले तेव्हा मला एखाद्या कडक सासूची आठवण झाली. किमान १०० मीटरची ताकद हवी. जेवढी ताकद सांगाल तिच्या सव्वापट दाबाखाली दोन तास राहून दाखवायचे. लिटरमागे ३० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात चोवीस तास बुडून राहायचे आणि गंजायचे नाही (आपला अरबी समुद्र याहूनही थोडा खारटच आहे). ४० अंशांच्या पाण्यातून ५ अंशांच्या आणि पुन्हा ४० अंशांच्या पाण्यात उड्या मारायच्या. काळोखात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, आणि घड्याळ चालू आहे हेही दिसले पाहिजे. सेकंदकाट्याच्या टोकाला जो चमकणारा ठिपका असतो तो त्यासाठी. शिवाय किती मिनिटे झाली हे मोजायची सोय हवी. बहुतेक घड्याळांत ती म्हणजे काचेभोवतीची फिरती कडी. पाण्यात शिरताना कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, म्हणजे पुढे काटा थेट गेलेली मिनिटे दाखवतो. ही कडी एकाच दिशेने फिरते, डावीकडे. खडकाला धक्का लागून ती सरकलीच तर गेलेला वेळ जास्त दिसेल, कमी कधीच दिसणार नाही. म्हणजे चूक झाली तर माणूस लवकर वर येईल. यंत्रात इतकी माया क्वचित पाहायला मिळते.

या सबंध प्रमाणात घड्याळ एवढे मोठे असलेच पाहिजे, असे कुठेही म्हटलेले नाही. मोठेपणा हा पाण्याचा हट्ट नसून जमिनीवरच्या माणसांचा आहे. आणि तोही फार जुना नाही.

१९२७ साली मर्सिडीज ग्लाइट्झ नावाच्या इंग्रज तरुणीने इंग्लिश खाडी पोहून पार केली. तिच्या यशाबद्दल शंका निघाली म्हणून पंधरवड्याने ती पुन्हा पाण्यात उतरली, तेव्हा तिच्या गळ्यात रोलेक्स कंपनीचे चिमुकले ऑयस्टर घड्याळ होते. थंडीने गारठून दहा तासांनंतर तिला बाहेर काढावे लागले. पण घड्याळ चालू होते. पाण्याला दाद न देणाऱ्या मनगटी घड्याळाची जगभर जाहिरात झाली ती या बाईच्या गळ्यातून, आणि आज दुकानदार बाईमाणसाला सांगतो की पाण्यातले घड्याळ जेंट्समध्येच येते!

पाणबुड्यांची म्हणून खास घड्याळे आली १९५३ च्या सुमारास. ब्लांपाँ या स्विस कंपनीचे तेव्हाचे प्रमुख फिएश्तेर हे स्वतः पाणबुडे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर खाली असताना वेळेचे भान सुटून ते एकदा संकटात सापडले होते, आणि त्या अनुभवातून त्यांच्या कंपनीचे घड्याळ निघाले. नाव 'फिफ्टी फॅदम्स'. फॅदम म्हणजे आपला वाव. दोन्ही हात पसरल्यावर एका हाताच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर, सहा फूट. आपले कोळीबांधवही पाण्याची खोली वावांतच सांगत आले. पन्नास वाव म्हणजे ३०० फूट, सुमारे ९१ मीटर. हे घड्याळ मात्र लष्करी कामाचे म्हणून त्या काळाच्या मानाने मोठे, ४१-४२ मिलिमीटरचे होते. पण त्याच सुमारास आलेली रोलेक्सची पहिली सबमरिनर होती ३७-३८ ची, आणि १९६५ साली सेकोने काढलेले जपानचे पहिले पाणबुडी-घड्याळही ३७ च्या आसपासचे, १५० मीटरचे. दणकट, दाढीवाले, समुद्र पालथा घालणारे गडी ही घड्याळे बांधून खाली जात. त्यांना ती बायकी वाटल्याचे कुठे ऐकिवात नाही.

आपल्याकडचेच पाहा ना. १९६१ साली बंगलोरच्या कारखान्यातून जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीची मनगटी घड्याळे निघू लागली. लग्नात जावयाला, मॅट्रिक झाल्यावर मुलाला, निवृत्तीला साहेबाला, सर्वांना तेच. त्यांतली 'जनता' ३५ मिलिमीटरची. २०१६ साली सरकारने ती कंपनी बंद करायचे ठरवले, पण कपाटातल्या डब्यात आजोबांची 'जनता' अजून पुष्कळ घरांत सापडेल. ती नातवाच्या हातावर ठेवली तर तो म्हणतो, हे आजीचे का? १९९६ च्या 'डेलाइट' या चित्रपटात सिल्व्हेस्टर स्टॅलनने मनगटावर ४४ मिलिमीटरचे पानेराई बांधले. तो आणि त्याच्यासारखे इतर जे करीत गेले त्याची लागण हळूहळू घाटकोपरपर्यंत पोचली. सुदैवाने साथ ओसरते आहे. तुडॉर कंपनीने २०२३ साली काढलेले ब्लॅक बे ५४ पुन्हा ३७ चे आहे, २०० मीटरचे, जाडी ११ च्या थोडी वर. त्याची किंमत मात्र लाखांच्या घरातली. आपण फक्त व्यास वाचून आनंद मानावा.

जुन्या बाजाराबद्दल दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण "जुनी घड्याळे लहान असतात तर जुनेच घ्यावे" असे मलाही एका स्नेह्यांनी सुचवले. फावर-ल्यूबा या स्विस कंपनीचे आपल्याकडचे नाते १८६५ पासूनचे. तिची 'सी चीफ', 'सी किंग' ही घड्याळे आपल्या मागच्या पिढीने हौसेने वापरली. नावात समुद्र असला तरी ती ऑफिसला जायची घड्याळे; समुद्राशी संबंध चर्चगेटच्या गाडीतून दिसेल तेवढाच. खरे पाणबुडे घड्याळही त्याच कंपनीने केले होते: १९६८ चे 'बाथी', पाण्याची खोली काट्याने दाखवणारे, पण ते अवाढव्य. आज चोरबाजारात किंवा परस्पर व्यवहारात जुन्या घड्याळांवर नवी तबकडी रंगवून, वर 'डायव्हर' असे अक्षर काढून ती विकली जातात. या रंगकामाची कीर्ती एवढी की परदेशातले शौकीन अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल'च म्हणतात. शोभेला हरकत नाही. पाण्यात नेऊ नये. शिवाय खरोखरच्या जुन्या घड्याळांत काटे चमकवायला रेडियम वापरलेले असू शकते. ते हौसेने उघडून पाहण्यात अर्थ नाही. आताच्या घड्याळांतला लेप निराळा, निरुपद्रवी आहे, आपण सवयीने त्यालाही 'रेडियम'च म्हणतो.

घड्याळ पाणी अडवते ते रबराच्या जोरावर. हे मला नीट समजले खैरानी रस्त्यावर. साकीनाक्याच्या या अंगाला छोट्या कारखान्यांचे गाळे एकाला एक लागून आहेत. त्यांतल्या एका गाळ्यात माझ्या ओळखीचे एक गृहस्थ पंप आणि नळांसाठी रबरी कड्या पाडतात. एक नवी कडी आणि यंत्रातून काढलेली एक जुनी कडी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. नवी गोल आणि चिवट. जुनी एका अंगाने चपटी, नखाने दाबली तर चीर पडणारी. "सर, कडी दाबली गेली तरच पाणी अडवते," ते म्हणाले, "आणि वर्षानुवर्षे दाबून राहिली की फुगायचेच विसरते." घड्याळात अशा कड्या तीन ठिकाणी असतात: काचेखाली, पाठीच्या झाकणाला आणि चावीला. चावी पेच फिरवून बंद करायची असेल तर ती पाण्याकाठी जाण्याआधी बंद केलेली हवी. घड्याळे बुडतात ती बहुधा या चावीपायी. सेल बदलायला पाठ उघडली की कडीही बदलून दाबाची परीक्षा करून घ्यावी. कोपऱ्यावरच्या टपरीत ते यंत्र नसते. गरम पाण्याची अंघोळ आणि साबण यांपासूनही घड्याळ दूर ठेवावे. समुद्राला न भिणारी रबरे गिझरला भितात.

पट्ट्याचा विचार लोक शेवटी करतात, तो आधी करावा. बारीक मनगटाला पोलादी साखळी जड पडते, आणि कड्या काढून काढून ती इतकी आखूड होते की कुलूपच मनगटाच्या खालच्या बाजूला मावत नाही. रबर उत्तम. पण कंपनीचा पट्टा बहुधा जाड मनगटासाठी कापलेला असतो. शेवटच्या भोकापर्यंत जाऊनही सैल. विणलेल्या नायलॉनचा, घड्याळाच्या पोटाखालून जाणारा पट्टा हा दुसरा पर्याय. ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७३ साली तो आपल्या शिपायांसाठी ठरवून दिला. त्याचा गुण असा की एका बाजूची पिन निसटली तरी घड्याळ दुसरीवर लटकून राहते, तळाला जात नाही. आणखी एक: खाली गेल्यावर पाण्याच्या दाबाने अंगावरचा रबरी पोशाख चेपतो आणि वर घट्ट वाटलेला पट्टा सैल होतो. १९७५ साली सेकोने आपल्या ६०० मीटरच्या घड्याळाला पेटीच्या भात्यासारखा घड्या असलेला पट्टा लावला तो यासाठीच. ताणून बांधायचा, मनगट बारीक झाले की तो आपोआप आवळतो. कोकणच्या कोमट पाण्यात पोशाख पातळ असतो किंवा नसतोच, तरी सैल पट्ट्याचे दुखणे बारीक मनगटाला अधिक.

एक प्रश्न वाचक विचारतील, आणि तो रास्त आहे. खोली, वेळ, वर येण्याचा वेग, सगळे डायव्ह कॉम्प्युटर सांगतो, मग घड्याळ कशाला? पुतणीच्या शिक्षकांचे उत्तर मला पटले. शिकणाऱ्याचा कॉम्प्युटर बहुधा भाड्याचा असतो. त्याचा सेल कधी संपेल ते भाड्याने देणाऱ्यालाही ठाऊक नसते. घड्याळ आपले स्वतःचे असते. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर कॉम्प्युटरच घ्यावा, असेही ते म्हणाले. तो भाड्याने मिळतो म्हणूनच आम्ही घड्याळाचा विचार केला.

शेवटी घेतले ते घड्याळ जपानी, सिटिझनच्या प्रोमास्टर मालिकेतले. ३७ मिलिमीटरच्या आसपासचे, 'डायव्हर्स २००' असे तबकडीवर स्पष्ट लिहिलेले, उजेडावर चालणारे. सेल बदलायला पाठ वारंवार उघडावी लागत नाही हा मोठा फायदा. दुकानदाराकडची आमची शेवटची मागणी त्याला विचित्र वाटली: पुतणीने घड्याळ बांधले, पट्टा नेहमीच्या भोकात घातला, हात खाली सोडला आणि पाच-सहा वेळा जोराने झटकला. मग डोळ्यांसमोर आणून पाहिले. तबकडी जागच्या जागी होती. चोवीस मिलिमीटर लांबीची टाचणी मोजावी तशी मी खिशातल्या पट्टीने कानापासून कानापर्यंत लांबी मोजली. ती ४६ च्या आत बसली. बिलावर 'लेडीज' असे छापून आले. ते पाहून पुतणी हसली आणि बिल तिने घडी करून पिशवीत टाकले. पैसे तिने स्वतः दिले, शिष्यवृत्तीतले. मला फक्त रबरी पट्ट्याचे देऊ दिले. त्याला दोन जादा भोके पाडायला साकीनाक्याच्या चांभाराने दहा रुपये घेतले.

घरी तिच्या भावाने ते उचलून आपल्या हातावर चढवले. त्याचेही मनगट आमच्याच घराण्यातले. बराच वेळ त्याने ते काढले नाही, आणि जेवताना मी पाहिले, त्याचे ४४ चे घड्याळ टीव्हीवर पडले होते.

पावसाळ्यात कोकणातले हे सारे बंद असते. ऑक्टोबरात पाणी निवळल्यावर ती पुन्हा तारकर्लीला गेली. मला तिने फोनवर पाठवलेल्या चित्रात मासे नाहीत की किल्ला नाही. संध्याकाळची वेळ, ओसरीवर गोड्या पाण्याची बादली, तिच्यात बुडवलेली श्वासाची नळी, तोंडावरची काच आणि घड्याळ. मीठ धुतले जावे म्हणून रोज अर्धा तास असे ठेवायचे असते. चित्राखाली तिने लिहिले होते: "५ मीटर, ३ मिनिटे. दोन्ही वाचता आले."